लगेच नेली

फोन आला तेव्हा मी तिसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी शिकवत होते. फोन माझ्या मैत्रिणीच्या दिराचा होता. "मॅडम, आमची पोरगी गेली. काल घोणस चावली. वयनी तुमची आठवण काढते," त्यानं एका दमात सांगितलं. मग म्हणाला, "सकाळीच उरकलं सगळं."

पोरगी म्हणजे मैत्रिणीची एकुलती एक मुलगी. अठरा वर्षांची, बारावीत शिकणारी. मुरबाडच्या कॉलेजला रोज एसटीनं जायची. मी तिला शेवटचं म्हसा गावच्या जत्रेत पाहिलं होतं. ती पुढे पुढे चालत होती आणि आम्ही दोघी मागे बोलत रेंगाळलो की वळून ओरडत होती, "चला गो लवकर, घरी जाऊन बोला."

मुख्याध्यापकांकडे रजा मागायला गेले. त्यांनी विचारलं, "कोण वारलं?"

"मैत्रिणीची मुलगी."

"मैत्रिणीची?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग आज अर्धा दिवस जाऊन या. भेटून या."

मी अर्ज परत घेतला, 'मैत्रिणीची मुलगी' खोडून 'भाची' लिहिलं आणि तीन दिवसांची रजा मिळवली. नवऱ्याला फोन केला तर तोही म्हणाला, "जाऊन ये, पण राहू नको. तिथं तिची माणसं असतील, तू काय करणार?" चुलत सासू वारली तेव्हा याच माणसानं मला तेरा दिवस गावी ठेवलं होतं, आणि त्या बाईशी मी जन्मात दोनदा बोलले होते. पण ते नातं होतं. मैत्रीण ही कोण, हे कुणालाच नीट सांगता येत नाही.

आम्ही दोघी अकरावी-बारावीला शहापुरात वसतिगृहाच्या एका खोलीत होतो. ती किन्हवलीकडची, मी डोळखांबकडची. गणितात ती माझ्यापेक्षा कितीतरी पुढे. परीक्षेच्या आधी ती मला शेजारी बसवून एकेक गणित चारचार वेळा सोडवून दाखवायची आणि मला कळलं की स्वतःच खूश व्हायची. बारावी झाली आणि तिचं लग्न मुरबाड तालुक्यात ठरलं. मी डी.एड. केलं, शहापुरातच नोकरीला लागले. नंतर भेटी लग्नांत, जत्रेत, बाजारात. पण भेटलो की मधली वर्षं नसल्यासारखं बोलणं व्हायचं.

किन्हवलीची एसटी धरली, तिथून सरळगाव, आणि पुढे तिच्या गावापर्यंत पायी. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडत आलं होतं. दुपारी पोचले. अंगणात पुरुष बसले होते, पडवीत बायका. मैत्रीण मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं होतं, मला पाहून ती रडेल. ती रडली नाही.

"आलीस?" म्हणाली.

"आले."

"राहशील?"

मी संध्याकाळच्या गाडीनं परत फिरायचं ठरवून निघाले होते. पिशवीत फक्त एक साडी होती, तीही वाटेत भिजले तर म्हणून. "राहते," मी म्हटलं.

मग तिनं मला झालं ते सांगितलं. आदल्या दिवशी दहाच्या सुमारास मुलगी गुरांसाठी पेंढा काढायला गोठ्यामागे गेली. पेंढ्यात हात घातला आणि मनगटाच्या वर डसलं. तिनं घोणस पाहिली, ओरडली, स्वतःच धावत आईकडे आली. मैत्रीण चुलीपाशी होती. ती एका मिनिटात बाहेर आली, दिराला हाक मारली. दिराची सहा सीटर जीप दारात उभी होती. सरळगाव-कल्याण रस्त्यावर तो ती चालवतो. मैत्रिणीचा नवरा मुरबाडला एमआयडीसीत कामाला, त्या दिवशी त्याची सुट्टी. तो पुढे बसला, मैत्रीण मागे, मुलीचं डोकं मांडीवर.

"फाट्यावर गाडी मुरबाडच्या बाजूला वळायला पायजे व्हती," ती म्हणाली. "वळलीच नाय. वर पाड्याकडे गेली. भगताकडे. मी ओरडत व्हते, अरे मुरबाडला चल, मुरबाडला चल. तो म्हणला, वयनी, आधी उतारा पडू दे, मंग नेऊ. हे पुढं बसलेले, हे काय बोललेच नाय. भगत घरी नव्हता, शेतावर गेलेला. त्याची वाट बघत बसलो. माझी पोर हात धरून सांगत व्हती, आये, हात जड झाला. मंग तो आला. त्यानं हात बघितला न् म्हणला, हे माझ्या हातचं नाय, हिला पहिली दवाखान्यात न्या. दोन तास गेले गो. मुरबाडला पोचलो तवा हिरड्यांतून रक्त येत व्हतं. डॉक्टर लोक नुसते धावत व्हते."

सगळं ती एकाच आवाजात बोलली, मध्ये कुठे थांबली नाही.

समाचाराला माणसं येतच होती. पहिले दोन दिवस गावातली, मग आजूबाजूच्या गावांतली. प्रत्येक बाई आत यायची, मैत्रिणीच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायची, डोळे पुसायची आणि विचारायची, "कसं झालं गो?" आणि मैत्रीण पहिल्यापासून सांगायला लागायची. पेंढा, घोणस, जीप, फाटा, पाडा, भगत, दोन तास. तेच शब्द, तीच वाक्यं. फाट्याशी आली की तिची सासू पडवीतून उठून निघून जायची. एक ऐकून गेली की दुसरी यायची आणि तिलाही तेच सगळं. तिचे ओठ सुकून फुटले होते. पाण्याचा पेला तोंडाशी नेला तर दोन घोट घ्यायची आणि परत सांगायला लागायची.

मला ते बघवेना. वाटलं, ही माणसं हिला पुन्हा पुन्हा त्या जीपमध्ये बसवतायत.

तिसऱ्या दिवशी सकाळी दीर माझ्याशी बोलायला आला. चाळिशीचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. गावात कुणाचं बाळंतपण असो की मयत, गाडी त्याचीच. तीन दिवसांत त्याचे डोळे खोल गेले होते. म्हणाला, "मॅडम, वयनीला लय त्रास होतोय. दर वेळी तेच तेच. तुमी सांगत जा ना आल्या-गेल्याला. तुमी शिकलेल्या, नीट सांगाल."

"हो, मलाही तसंच वाटत होतं," मी म्हटलं.

मग आवाज खाली आणून म्हणाला, "फक्त त्या भगताचं नको. लगेच नेली, एवढंच सांगा. उगाच कुणी पोलिसांत जातं, कुणी पेपरात देतं. त्या गरीब माणसाला बी त्रास. न् गेलेली पोर काय परत येणार हाय?"

मी "बरं" म्हटलं.

या 'बरं'चा मी आजपर्यंत खूप विचार केला आहे. त्या क्षणी मला ते योग्य वाटलं होतं, हे खरं. मला वाटलं, मैत्रिणीला याच घरात राहायचं आहे, याच दिराच्या शेजारी चूल आहे. उगाच आग कशाला लावा? भगताला बोल लावून काय उपयोग, त्यानं तर दवाखान्यात न्यायलाच सांगितलं होतं. आणि आणखी एक. त्या घरात मी कोणीच नव्हते. बायका पीठ मळत होत्या, पाणी भरत होत्या, त्या सगळ्या जावा-नणंदा. माझ्या हातून कुणी काही घेत नव्हतं, "बसा हो मॅडम" म्हणत होत्या. मला पहिल्यांदा काहीतरी काम मिळालं होतं.

त्या दिवसापासून मी पडवीत बसू लागले. कुणी आलं की मीच पुढे व्हायचे, पाणी द्यायचे, बसवायचे. मैत्रीण आतल्या खोलीत पडून राहायची. मी सांगायचे, "सकाळी पेंढा काढायला गेली. घोणस चावली. दिरांची जीप दारातच होती, लगेच नेली. पण विष फार होतं." मी वर्गात गोष्ट सांगते तशी सांगत असे, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे मला आपोआप जमत गेलं. 'लगेच नेली' म्हटलं की बायका मान हलवायच्या. एक म्हातारी म्हणाली, "केलं हो बिचाऱ्यांनी हातचं सगळं." दीर अंगणातून माझ्याकडे बघून मान डोलवायचा. सासू आता पडवीतून उठून जात नव्हती. मला शेजारी जागा करून द्यायची, कोरा चहा आला की पहिला कप माझ्याकडे सरकवायची.

रजा संपली. मी फोन करून वाढवून घेतली. नवरा चिडला. "अजून किती दिवस?" मी म्हटलं, "दहावं होईपर्यंत. तिला माझी गरज आहे." मला खरंच तसं वाटत होतं.

सहाव्या दिवशी दूरच्या गावाहून मैत्रिणीच्या सासूची एक चुलत बहीण आली. मी सांगितलं, तिनं ऐकलं, आणि सरळ विचारलं, "लगेच नेली तर मंग हातची कशी गेली? आमच्यातल्या एकाला घोणस चावली व्हती. मुरबाडला नेला, आज गुरं राखतोय."

मी म्हटलं, "प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं."

शेजारी बसलेली सासू म्हणाली, "पोरीनं आधी आयसला सांगितलेलं, काय तरी चावलं म्हणून. आयस म्हणली, काटा लागला असेल. तिथंच टाइम गेला. आमाला कळलं तसे आमी निघालो."

आयस म्हणजे माझी मैत्रीण. मी सासूकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पाणी खोटं नव्हतं. नातीवर तिचा जीव होता, ते मीही पाहिलेलं होतं. मी मनात म्हटलं, म्हातारी दुःखात काहीबाही बोलतेय. पाहुणी आत गेली आणि मैत्रिणीच्या गळ्यात पडायच्या ऐवजी दारातच उभी राहून तिच्याकडे बघत राहिली. मग न बसता परत फिरली. ते मी पाहिलं, आणि तरीही काही बोलले नाही.

मला त्या वेळी दिसायला हवं होतं. दोन तास कुठे गेले याचं उत्तर मी काढून टाकलं होतं. पण ते दोन तास तर होतेच. कुणाच्या ना कुणाच्या माथी ते बसणारच होते, आणि घरात सगळ्यात गप्प माणूस तीच होती. मीच तिला गप्प केलं होतं.

पुढच्या तीन दिवसांत काटा सगळीकडे पसरला. मी 'लगेच नेली' म्हणायचे आणि येणारी बाई आधीच मान हलवून म्हणायची, "हो, आयसला काटा वाटला म्हणे." एकदाच मी म्हटलं, "तसं काही नाही." त्यावर ती बाई म्हणाली, "राहू द्या हो मॅडम, तिचा काय दोष, कळलं नाय तिला." तिनं मोठ्या मनानं माफ केल्यासारखं म्हटलं. मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

दहाव्याला पुरुष नदीवर गेले. अंगणात मांडव घातला होता, बायका भाजी निवडत बसल्या होत्या. मैत्रिणीच्या माहेरची माणसं आली. आई नाही तिला, तिच्या लग्नाआधीच गेलेली. आईच्या जागी तिची मावशी आली होती. तिनं मैत्रिणीला आतून बाहेर आणलं, जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला आणि मग सगळ्यांच्या देखत विचारलं, "काटा म्हणलीस गो तू? लेकराचं ऐकायचं नाय का?"

मैत्रिणीनं मान वर केली. "कुणी सांगितलं?"

"सगळे सांगतात. लगेच नेली म्हणतात, मंग उशीर कुठं झाला? तुझी मैत्रीणच सांगत व्हती आमच्याकडच्या बायांना."

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी निवडायला घेतलेली वाल पापडी सुपात टाकली आणि उठून उभी राहिले. पुरुष तेवढ्यात नदीवरून परत येत होते, ओल्या धोतरांनी. दीर पुढे होता, नवरा मागे.

"काटा-बिटा काही नाही," मी म्हटलं. आवाज नको तेवढा मोठा झाला. "हिनं लगेच हाक मारली होती. जीप आधी मुरबाडला गेलीच नाही. आधी भगताकडे गेली. दोन तास तिथं गेले."

मग मावशी म्हणाली, "मंग दहा दिवस तुमी काय सांगत व्हता, बाय?"

मैत्रीण म्हणाली, "खरं हाय मावशे. वर पाड्यावर नेली. मी ओरडत व्हते."

मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बरं बरं. शांत हो." तिनं ऐकून घेतलं, पण तिचा विश्वास बसला नव्हता, हे स्वरावरून कळत होतं.

दीर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तो रागावला नव्हता. तेच मला जास्त लागलं. शांतपणे म्हणाला, "मॅडम, लगेच नेली हे तुमीच सांगत व्हतात. इथं बसून सगळ्यांना. आज असं का बोलता? आमचं घर आधीच जळलंय."

मी आजूबाजूला पाहिलं. पहिल्या दोन दिवसांत ज्या बायकांनी मैत्रिणीच्या तोंडून सगळं ऐकलं होतं, फाट्यासकट, पाड्यासकट, त्या तिथंच बसल्या होत्या. एकीनंही मान वर केली नाही. एकीच्या हातातली शेंग तशीच अर्धी सोललेली राहिली होती. मी मैत्रिणीच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो तर जीपमध्ये होता. तो पायांकडे बघत उभा होता, धोतराचं पाणी अंगणात ठिबकत होतं. "तुम्ही सांगा ना," मी त्याला म्हटलं. तो आत निघून गेला.

मैत्रीण माझ्या मागोमाग मधल्या खोलीत आली. माझी पिशवी तिनंच भरली. माझ्या अंगावर तिची साडी होती, ती तशीच राहू दे म्हणाली.

"तू जा आता."

"मी तुझ्यासाठीच..." मी म्हटलं.

"ठाव हाय. म्हणून तर सांगते, जा."

मी निघाले तेव्हा अंगणात पंगत मांडायला सुरुवात झाली होती. कुणी मला जेवून जा म्हटलं नाही. सरळगावपर्यंत चालत गेले.

शहापुरात आल्यावर मी तिला रोज फोन करत होते. ती उचलत नव्हती. मी लांब लांब मेसेज लिहायचे, माझी चूक झाली, मला माफ कर, मी असं का केलं ते सांगायचे. ते वाचल्याच्या निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही. नवरा म्हणाला, "आधीच सांगितलं होतं, परक्याच्या घरात पडू नये." मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण त्याचं म्हणणं खरं नव्हतं आणि ते खोटं आहे हे दाखवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी न कळवता गेले. घरी कोणी नव्हतं. ती शेतात होती, कापणी चालू होती. नवरा कामावर, दीर गाडीवर. ती आणि मजुरीला आलेल्या दोन बायका. मला बघून ती थांबली नाही. बांधावर एक जादा विळा पडला होता. मी पदर खोचला, तो विळा घेतला आणि तिच्या शेजारच्या ओळीत कापायला लागले. माझी सवय गेलेली, मी मागे पडत होते. ती पुढे जायची, मग पुढच्या कोपऱ्यात उभी राहून मी येईपर्यंत विळ्याला धार लावत थांबायची.

दुपारी त्या बायका झाडाखाली जेवायला बसल्या. आम्ही दोघी बांधावरच बसलो. तिनं भाकरीचा अर्धा तुकडा मला दिला.

"मला सांगायचा त्रास होत नव्हता," ती म्हणाली.

मला आधी कळलं नाही.

"तुला वाटलं, सांगून सांगून मी थकले. मी थकलेच व्हते. पण मला सांगायचं व्हतं. प्रत्येक बाईला. एवढ्या जणींना कळलं तर कधी तरी कोणी तरी त्याला विचारेल, गाडी वर का नेलीस म्हणून. माझ्या हातात दुसरं काय व्हतं? ते पण तू घेतलंस."

"तू मला थांबवायचं होतंस," मी म्हटलं. "आतून ऐकू येत होतं ना तुला?"

"येत व्हतं. पहिल्या दिवशी ऐकलं तवा वाटलं, चुकून म्हणाली. दुसऱ्या दिवशी परत तेच." ती भाकरी चावत राहिली. "तू सोडून दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर बाहेर येऊन थोबाड फोडलं असतं त्याचं. तू सांगत व्हतीस. मला वाटलं, माझंच चुकत असेल. दोन तास नसतीलच. मीच येडी झाले असेन."

मी रडले, तर तिनं मला जवळ घेतलं नाही. तिच्याच जागी मी असते तर मीही घेतलं नसतं. थोड्या वेळानं ती उठली आणि म्हणाली, "फोन करत नको जाऊ. फोनवर मला काय बोलायचं सुचत नाय. यायचं तर ये."

तेव्हापासून जाते. दर महिन्याला जमत नाही, पण जमेल तेव्हा जाते. सासू दारात भेटते, "आलाव का" म्हणते, चहा करत नाही. मैत्रीण कधी त्या दिवसाचं बोलते, कधी नाही. बोलते तेव्हा पहिल्यापासून बोलते, पेंढ्यापासून डॉक्टरांपर्यंत, आणि मी मधे तोंड उघडत नाही. काही वेळा संपल्यावर ती विचारते, "ऐकलंस ना?" मी "ऐकलं" म्हणते. आमच्यात जुन्यासारखं काही राहिलेलं नाही. जत्रेतल्यासारखं हसणं तर नाहीच. मी गेले नाही तर ती बोलावत नाही, गेले तर नको म्हणत नाही. गावात आजही काटाच सांगतात. तिच्या माहेरीसुद्धा.

गेल्या महिन्यात सरळगावच्या नाक्यावर एसटीची वाट बघत उभी होते. मागून हाक आली, "मॅडम." मैत्रिणीचा दीर होता. चहाच्या टपरीवरून उठून आला होता. पार वाळून गेला होता. दाढी पांढरी झालेली. माझ्याशी तो त्या अंगणानंतर पहिल्यांदाच बोलत होता.

"कशा हायत?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. मग गाड्यांकडे बघत म्हणाला, "माझ्या हातानं झालं, मॅडम. माझ्या बापाला फुरसं चावलेलं, तवा त्याच भगतानं बरा केला व्हता. मला वाटलं, तसंच होईल. त्या फाट्यावरून रोज चार वेळा जातो मी. रोज चार वेळा."

मी त्याला म्हटलं, "हे तिला सांगा."

"तिला कुठल्या तोंडानं सांगू?"

"याच तोंडानं. मला सांगितलंत ना, तसंच. तिला एकदा फक्त ऐकायचंय की तुम्ही वर नेलीत, ती ओरडत होती."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता बोलून काय व्हणार," तो म्हणाला. "आयला पण धक्का बसेल. गाव काय म्हणेल." तेवढ्यात माझी एसटी आली, आणि त्यानं माझी पिशवी उचलून आत दिली, पूर्वी पाहुण्यांना द्यायचा तशी.

पुढच्या वेळी गेले तेव्हा मी हे तिला सांगावं की नाही, वाटेत ठरत नव्हतं. शेवटी सांगितलं. शब्दन् शब्द, माझ्या पदरचं काही न घालता. ती मागच्या दारी तांदूळ पाखडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले नाहीत.

"तुला सांगितलं," ती म्हणाली. "शेजारी राहतो. सकाळ-संध्याकाळ दिसतो. मला नाय सांगितलं."

तिनं सूप माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः घेतलं, आणि आम्ही उरलेले तांदूळ पाखडायला बसलो.